लोकमत आणि न्याय

लोकांनी प्रतिनिधी निवडावेत व प्रतिनिधींनी कायदे करावेत, ही लोकशाहीची सर्वत्र रूढ असलेली रीत होय. स्वित्झर्लंडमध्ये मात्र शेवटचा शब्द लोकांचा असतो. संसदेने केलेला कायदा नापसंत असल्यास १०० दिवसांत ५०,००० मतदारांच्या सह्या जमविल्या, की त्यावर सर्व जनतेचे मत घ्यावे लागते. ग्लारुस या प्रांतात तर नागरिक वर्षातून एकदा उघड्या चौकात जमतात व हात वर करून निर्णय देतात.

जो कायदा आपण स्वतः केला, तो मनुष्य आपखुशीने पाळतो. त्यासाठी त्याला सार्वजनिक प्रश्नांचा अभ्यास करावा लागतो. हा या पद्धतीचा मोठा गुण होय. २००७ मध्ये ग्लारुसच्या याच सभेने सोळा वर्षांच्या मुलामुलींना मताधिकार दिला.

परंतु बहुमत नेहमीच न्यायी असते असे नाही. १९५९ मध्ये स्वित्झर्लंडच्या पुरुषांनी स्त्रियांना मताधिकार नाकारला. तो त्यांना १९७१ मध्ये मिळाला. आपेन्झेल इनररोडेन प्रांतातील सभेने तर प्रांताच्या कारभारात तो १९९० मध्येही नाकारला आणि अखेर त्याच वर्षी न्यायालयाला तो द्यावा लागला. ज्यांना हात वर करण्याचा अधिकारच नाही, त्यांचे गाऱ्हाणे सभेत कोण मांडणार? शिवाय शेजाऱ्यांच्या देखत हात वर करताना भिडस्त मनुष्य कचरतो.

आपल्याकडील ग्रामसभेतही गावातील प्रत्येक मतदाराला स्थान आहे. तेथे हात वर करण्यापूर्वी त्याने दोन गोष्टींचा विचार करावा : आपले हित कशात आहे, आणि त्यात दुसऱ्याचा हक्क तर बुडत नाही ना?