फळांच्या तक्त्यावर वांगे पाहिजे



आमच्या वर्गात खिडकीजवळ फळांचा एक तक्ता टांगलेला आहे. तो विकत आणलेला आहे. त्याच्यावर पहिले चित्र सफरचंदाचे आहे. मग केळे, द्राक्षे, संत्रे, अननस, स्ट्रॉबेरी, चेरी अशी रांग आहे. चेरी आमच्या वर्गात कोणीच खाल्लेली नाही. शेजारी भाज्यांचा तक्ता आहे, त्यावर वांगे, टमाटे, भेंडी आणि काकडी आहे. माझे मत असे आहे की हे दोन्ही तक्ते चुकले आहेत. का चुकले ते सांगते.

दिवाळीच्या आधी वर्गात तोंडी प्रश्न विचारायला बाहेरगावचे पाहुणे आले होते. त्यांनी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला उभे केले आणि म्हणाले, "पाच फळांची नावे सांग." ती तक्त्याकडे न बघता म्हणाली, "बोर, सीताफळ, चिंच, वांगं, भेंडी." पाहुणे म्हणाले, "अगं, भाजी नाही विचारली, फळ विचारलं." सगळा वर्ग हसला. खरे सांगायचे तर आधी मीच हसले. ती खाली बसली आणि त्या दिवसापासून हात वर करीत नाही. उत्तर येत असले तरी करीत नाही.

सुट्टीत मी तिला विचारले, "कामून वांगं म्हणलीस?" ती म्हणाली, "आमच्या वांग्याला आधी जांभळं फूल येतं. फूल वाळतं अन् त्याच्यातूनच वांगं निघतं. मी रोज बघते. मग ते फळ न्हाई तर काय?" मला उत्तर आले नाही. मी ते गुरुजींना जाऊन सांगितले. गुरुजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सुट्टी संपली की प्रत्येकाने घरून, शेतातून एकेक वस्तू आणा. विळी मी आणतो."

दिवाळीनंतर सगळ्यांनी आणले. वांगी, टमाटे, हिरवी मिरची, भेंडी, कापसाचे बोंड, तुरीच्या शेंगा, हिरवी बोरे, दोन सीताफळे, उंबरे आणि एकाने हळदीचा गड्डा. गुरुजींनी स्वतः एक सफरचंद आणले होते. त्यांनी फळ्यावर लिहिले, फुलातल्या अंडाशयाचे वाढून जे होते ते फळ. गोड आहे की तिखट, कच्चे खातात की फोडणी देतात, हे त्यात कुठेच नाही.

मग कापायला सुरुवात झाली. वांग्याच्या डोक्यावर जी हिरवी काटेरी टोपी असते ती फुलाचीच राहिलेली असते. म्हणजे वांगे आपल्या फुलाची खूण डोक्यावर घेऊन फिरते आणि तरी आपण त्याला फळ म्हणत नाही. वांगे, टमाटे, मिरची, पेरू, द्राक्ष हे सगळे मृदुफळ. बोर कापले तर आत टणक आठळी, आठळी फोडली तर त्याच्या आत बी. आंब्याची कोयही तशीच. म्हणून बोर आणि आंबा एका जातीची फळे, त्यांना आठळी फळ म्हणतात. हे ऐकून बोरे आणणारा मुलगा लई खूश झाला.

भेंडी आडवी कापली तर पाच कप्पे दिसतात. झाडावर वाळू दिली तर ती उभी तडकते आणि बी बाहेर पडते. कापसाचे बोंडही तसेच तडकते. गुरुजी म्हणाले की भेंडी आणि कापूस एकाच कुळातले आहेत, फुले आठवून बघा. खरेच, दोन्हींची फुले सारखीच दिसतात. आमच्या शेतात दोन्ही आहेत, पण मी कधी शेजारी धरून पाहिली नव्हती.

सगळ्यात मजा सीताफळ आणि उंबराची झाली. सीताफळाचे फूल एकच असते, पण त्याच्यात पुष्कळ अंडाशये असतात. ती वाढता वाढता एकमेकांना चिकटतात. वरचा एकेक डोळा म्हणजे एकेक लहान फळ. याला घोसफळ म्हणतात. उंबराचे उलट आहे. तिथे शेकडो फुले मिळून एक फळ होते, ते संयुक्त फळ. आजी कोणी पुष्कळ दिवसांनी आले की म्हणते, "उंबराचं फूल झालास की रे." पण उंबराची फुले तर उंबराच्याच पोटात असतात. गुरुजींनी उंबर उघडून दाखवले तेव्हा आतून बारीक किडे उडाले आणि पुढच्या बाकावरच्या मुली ओरडल्या. हे सगळे तक्त्यावर कळत नाही. तक्त्यावरची फळे अख्खी, बाहेरून रंगवलेली आहेत. फळाची जात तर कापल्यावर आणि फूल बघितल्यावर कळते.

हळदीच्या गड्ड्यावर भांडण झाले. तो आणणारा म्हणाला, जमिनीत भुईमुगाची शेंग होते ती फळ, मग हळद का नाही? त्याचे म्हणणे मला पटले होते. पण भुईमुगाचे पिवळे फूल वर उमलते, मग त्याची आरी खाली वाकून मातीत जाते आणि तिथे शेंग भरते. शेंग फुलापासूनच झाली. हळद मात्र जमिनीतले खोड आहे. आपल्या वसमतची हळद कितीही प्रसिद्ध असली तरी ती फळ नाही. तो मुलगा थोडा नाराज झाला.

शेवटी सफरचंद कापले. गुरुजी म्हणाले की आपण जो गर खातो तो अंडाशयाचा नाही, फुलाच्या बुडाचा भाग फुगून तो होतो. मधला कडक भाग, जो आपण फेकतो, तोच अंडाशयाचा. स्ट्रॉबेरीचेही तसेच, तिच्या अंगावरचे बारीक दाणे ही खरी फळे. अशांना आभासी फळ म्हणतात. म्हणजे तक्त्यावर पहिला नंबर आभासी फळाचा आणि खरे फळ असलेले वांगे शेजारच्या तक्त्यावर! सफरचंदाचा मला राग नाही. आजोबा दवाखान्यात होते तेव्हा आमच्या घरी आले होते, छान लागते.

आई म्हणाली, "फळ म्हण नाही तर भाजी म्हण, तेल तर लागतंच." तिचेही खरे आहे. गुरुजींनी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत १८८३ सालच्या कायद्याने परदेशातून आलेल्या भाज्यांवर कर होता, फळांवर नव्हता. टमाट्याचे व्यापारी म्हणाले, टमाटे फळ आहे, आमचा कर परत द्या. खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८९३ साली निकाल लागला की वनस्पतिशास्त्राप्रमाणे टमाटे फळच आहे, पण लोक ते जेवणात भाजीसारखे खातात, म्हणून कर द्यावा लागेल. व्यापारी हरले. तरी न्यायाधीशांनी ते फळ आहे हे आधी मान्य केले. आम्ही तर नुसते हसलो.

म्हणून माझे म्हणणे आहे की विकतचा तक्ता काढू नये, पण त्याच्या शेजारी आमच्या शिवारातल्या फळांचा तक्ता आम्हीच करावा. प्रत्येक फळाचे फूल, अख्खे फळ आणि कापलेले फळ अशी तीन चित्रे काढावीत. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, जळगावच्या भरताच्या वांग्यालाही मिळाले, आणि आमच्या भिंतीवर त्यांना फळ म्हणून जागा नाही. ज्वारीही घ्यावी. ज्वारीचा दाणा म्हणजे नुसते बी नाही, बी आणि फळाची साल चिकटून झालेले ते एक फळच आहे. हे मी बाबांना सांगितले तर ते भाकरीकडे बघतच राहिले.

गुरुजी हो म्हणाले आहेत. पहिले चित्र वांग्याचे आणि ते माझ्या मैत्रिणीने काढायचे, असे मी सुचवले आहे. ती अजून हो म्हणाली नाही. मी तिला "मी हसले ते चुकलं" असे म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, "फूल मला काढता येतं, टोपीचे काटे तू काढ." आता कागद मोठा पाहिजे. आणि पालकांनो, येताना उंबरे आणली तर आतले किडे झटकू नका, आम्हाला ते बघायचे आहेत.