कार्डिगन, कात्री आणि ताशी दर

सध्या शनिवार-रविवार मी शेटलंड पद्धतीचं लोकरीचं कार्डिगन विणतेय. स्कॉटलंडच्याही उत्तरेला ही बेटं आहेत. त्यांतल्याच एका इवल्याशा बेटाच्या नावावरून तिथली रंगीत नक्षी ‘फेअर आयल’ म्हणून ओळखली जाते. ऑफिसात हे कळल्यापासून दोनच प्रतिक्रिया येतात. "वा, किती रिलॅक्सिंग असेल ना!" आणि "मलाही एक करून दे ना गं, हवे तर दोन हजार घे." मला दोन्हींचा सारखाच राग येतो. कारण माझ्या मते दोन्ही एकच आहेत.

आधी ते रिलॅक्सिंग बघू. कार्डिगन समोरून उघडं असतं, पण हे विणायचं मात्र नळीसारखं, गोल गोल. का? सपाट विणलं की एक ओळ सुलट, परतीची उलट. उलट ओळीत नक्षीची मागची बाजू आपल्याकडे येते, त्यात दोन रंगांचे धागे सांभाळायचे म्हणजे जिकिरीचं काम, वेग पार मंदावतो. गोल विणलं की सगळं सुलट आणि नक्षी कायम डोळ्यांसमोर. मग पुढून उघडणार कसं? कात्रीने! विणतानाच पुढच्या बाजूला काही जादा टाक्यांची पट्टी ठेवतात, तिला ‘स्टीक’ म्हणतात, आणि शेवटी ती मधोमध चक्क कापतात. शेटलंडची लोकर केसाळ, एकमेकींना धरून राहणारी, त्यामुळे टाके पटकन उसवत नाहीत. (गुळगुळीत ॲक्रिलिकवर हा प्रयोग कृपया करू नका :) ) स्वेटरवर दहा-बारा रंग दिसले तरी एका ओळीत दोनच, म्हणजे हातात एका वेळी दोनच धागे.

थोडक्यात, हे सगळं परफॉर्मन्स ट्यूनिंग आहे. त्यांचा विणायचा पट्टाच घ्या ना. कमरेला बांधायचा, चामड्याचा, आत घोड्याचे केस भरलेले आणि वर भोकं. त्यात सुईचं टोक खोचलं की सुईचा भार पट्ट्यावर, हात मोकळा. हा पट्टा बांधून तिथल्या बायका पाठीवर जळणाची टोपली घेऊन घरी येता येता विणायच्या. त्याला मेडिटेशन म्हणायचं?

आणि त्याचा मोबदला? एकोणिसाव्या शतकात तिथले व्यापारी विणकामाचे रोख पैसे सहसा देतच नसत. चहा घ्या, कापड घ्या, दुकानातलं काही घ्या. प्रकरण इतकं वाढलं की सरकारने चौकशी नेमली आणि १८७२ साली तिचा अहवाल आला. पुढे १९७०च्या दशकात उत्तर समुद्रातलं तेल आलं, त्याबरोबर बऱ्या पगाराच्या नोकऱ्या आल्या, आणि पैशांसाठी विणणाऱ्या बायका भराभर कमी झाल्या. यावर ‘अरेरे, परंपरा गेली’ म्हणणारे खूप भेटतात. मला तर वाटतं, बायकांनी साधा हिशोब केला.

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? दोन सुलट, दोन उलट करत आमच्या आईच्या पिढीने लोकलमध्ये, दुपारच्या सुट्टीत अख्ख्या घराचे स्वेटर विणले, आणि त्याला नाव काय, तर ‘फावल्या वेळातलं’.

असो, माझाही हिशोब मांडते. दहा सेंटिमीटरला २८ टाके आणि ३२ ओळी. छातीचा घेर १०० सेंटिमीटर, म्हणजे एका फेरीत २८० टाके. काखेपर्यंत ४० सेंटिमीटर, म्हणजे १२८ फेऱ्या. झाले ३५,८४० टाके. मिनिटाला ३० टाके पडले (माझे पडत नाहीत) तरी २० तास. अजून खांद्यापर्यंतचा भाग आहे, बाह्या आहेत, गळा, पट्ट्या, काजं-बटणं, आणि रंग बदलताना सुटलेली धाग्यांची टोकं आत ओवणं, जे मला अजिबात आवडत नाही. ५० तास कुठेच गेले नाहीत. दोन हजार भागिले ५०, ताशी ४० रुपये. त्यातही लोकर माझी!

आपण तर क्लायंटला पंधरा मिनिटांचा कॉलसुद्धा बिल करतो.

दोन हजारवालीला मी सांगितलंय, शिकायचं असेल तर रविवारी घरी ये, एक पैसा घेणार नाही. चहा माझ्याकडून. विणलेलंच हवं असेल तर ताशी दर आधी ठरवू. अजून तिचा फोन आलेला नाही.