निर्लेखनापूर्वी रॅमची एक पट्टी

सरकारी कार्यालयातील संगणक मंद चालू लागला की साधारणपणे दोनच उपाय सुचवले जातात. पहिला, सहन करणे. दुसरा, तो निर्लेखित करून, म्हणजे सर्वत्र रूढ असलेल्या शब्दात कंडेम करून, नवा मागवणे. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा उपाय असतो. तो स्वस्त आहे आणि अर्ध्या तासात होण्याजोगा आहे: संगणकाची रॅम वाढवणे. घरच्या संगणकावर आपल्यापैकी अनेकांनी तो केलेलाही असतो. मग तोच माणूस कार्यालयाच्या खुर्चीत बसला की त्याला हा उपाय का सुचत नाही? माझ्या मते याचे कारण तांत्रिक अज्ञान हे नसून आपली कार्यपद्धती हे आहे. चाळीस हजारांची खरेदी सोपी आणि दोन हजारांची अवघड, अशी व्यवस्था आपणच करून ठेवली आहे. माझी बहुतेक नोकरी महाराष्ट्राबाहेर झाली. राज्य बदलले, कार्यालयाची भाषा बदलली, पण ही व्यवस्था मला सगळीकडे सारखीच आढळली.

आधी मूळ मुद्दा समजून घेऊ. रॅम म्हणजे कारकुनाचे मेज आणि हार्ड डिस्क म्हणजे दप्तरखान्यातील कपाट. ज्या फायलीवर काम चालू आहे ती मेजावर असली की हात पुढे केला की मिळते. मेज लहान असेल तर एक फाइल उघडण्यासाठी दुसरी कपाटात ठेवून यावी लागते आणि पुन्हा ती लागली की पुन्हा उठावे लागते. संगणकही नेमके हेच करतो. रॅम भरली की तो त्यातील काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. रॅममधील मजकूर सुमारे शंभर नॅनोसेकंदांत हाती येतो. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून तो आणायला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात. म्हणजे फरक जवळजवळ एक लाख पटींचा आहे. पडद्यावर ते गोल फिरणारे चिन्ह दिसते आणि खिडकीसमोर रांग थांबते, तेव्हा पुष्कळदा हेच उठणे-बसणे चालू असते. खिडकीपलीकडचा नागरिक मात्र ते कर्मचाऱ्याच्या आळसाच्या खाती मांडतो.

पूर्वी ही अडचण एवढी जाणवत नसे. संगणकावर पत्रे टंकित होत आणि तक्ते भरले जात. त्याला दोन जीबी रॅम पुरे होती. आता नस्त्या ई-ऑफिसमध्ये, हजेरी संकेतस्थळावर, देयके संकेतस्थळावर आणि खरेदीही संकेतस्थळावर. ब्राउझरमध्ये पाच-सात पाने एकाच वेळी उघडी असतात आणि शिवाय विषाणूरोधक प्रणाली मागे चालू असते. चार जीबीचे मेज तिथेच भरून जाते. संगणकाचा प्रोसेसर मात्र बहुतेक वेळ रिकामा बसलेला असतो.

रोग हाच आहे की दुसरा, हे ओळखण्यासाठी अभियंता लागत नाही. विंडोज १० किंवा ११ असेल तर नेहमीचे काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडावा आणि त्यातील परफॉर्मन्स या भागात मेमरीवर टिचकी मारावी. एकूण रॅम किती, त्यातली वापरात किती, तिचा वेग किती आणि किती स्लॉटपैकी किती भरलेले आहेत हे सारे तिथे लिहिलेले असते. वापर सतत ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असेल आणि एक स्लॉट रिकामा असेल, तर निदान झाले. वापर पन्नास टक्केच असेल आणि तरीही संगणक अडखळत असेल, तर दोष बहुधा हार्ड डिस्कचा आहे. अशा वेळी रॅमवर पैसे खर्च करू नयेत; हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी बसवावी. संगणकावर ३२ बिटांची विंडोज असेल तर ती चार जीबीपलीकडची रॅम वापरूच शकत नाही, हेही आधी पाहून घ्यावे.

निवड करताना पहिला प्रश्न पिढीचा. डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. प्रत्येकीची खाच वेगळ्या ठिकाणी असते. ढोबळमानाने, २०१५ पूर्वीच्या डेस्कटॉपमध्ये डीडीआर ३ आणि त्यानंतरच्यांत बहुधा डीडीआर ४ सापडते. दुसरा प्रश्न आकाराचा. उभ्या कॅबिनेटमध्ये लांब पट्टी लागते, पण पडद्यातच सारे सामावलेल्या किंवा पुस्तकाएवढ्या छोट्या डेस्कटॉपमध्ये पुष्कळदा लॅपटॉपची आखूड पट्टी असते. तिसरा प्रश्न मदरबोर्डच्या मर्यादेचा. तो जास्तीत जास्त किती रॅम घेतो हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात दिलेले असते. वेगाची चिंता फार करू नये. दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोन्ही मंद पट्टीच्या वेगाने चालतात, एवढेच. कार्यालयीन कामात वेगापेक्षा आकारमान महत्त्वाचे. आठ जीबी पुरेशी, सोळा म्हणजे ऐसपैस. मात्र आठ जीबी करायची असेल तर चारच्या दोन पट्ट्या एका आठच्या पट्टीपेक्षा काहीशा सरस ठरतात, कारण दोन्ही मार्गांनी एकाच वेळी देवघेव होते.

सर्वांत सोपी युक्ती म्हणजे जुनी पट्टी सोबत घेऊन बाजारात जाणे. दिल्लीचा नेहरू प्लेस असो, बंगळूरचा एस. पी. रोड असो की चेन्नईची रिची स्ट्रीट, दुकानदार तिच्यावरची चिठ्ठी वाचूनच तिची जोडीदारीण काढून देतो. त्या चिठ्ठीवरील सांकेतिक अंकाच्या शेवटी यू असेल तर ती साध्या डेस्कटॉपची, एस असेल तर लॅपटॉपच्या आकाराची आणि आर असेल तर सर्व्हरची. सर्व्हरमधून काढलेली ही तिसऱ्या प्रकारची पट्टी जुन्या बाजारात आश्चर्य वाटावे इतकी स्वस्त मिळते, पण साध्या डेस्कटॉपमध्ये ती चालत नाही. स्वस्ताई म्हणतात ती हीच नव्हे.

बसवणे हे बल्ब बदलण्यापेक्षा फारसे अवघड नाही. संगणक बंद करून वीजजोडणी काढावी आणि सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज निघून जाऊ द्यावी. मग कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थितिक विद्युत निघून जाते. स्लॉटच्या टोकाची चाप बाहेर ओढावी, पट्टीची खाच स्लॉटमधील उंचवट्याशी जुळवावी आणि पट्टी दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन, चाप आपोआप टक् असा बसेपर्यंत, खाली दाबावी. खाच जुळत नसेल तर जोर लावू नये. पट्टी उलटी धरली आहे किंवा पिढी चुकली आहे. सुरू करताना नुसतेच बीप ऐकू आले तर पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसावेत आणि पुन्हा बसवावी. भारतातील प्रत्येक तंत्रज्ञ हे करतो आणि धूळ हेच कारण असेल तर गुण येतो. शेवटी विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक एकदा चालवावे.

आता प्रशासनाकडे वळू. २०१९ साली एका कार्यालयात माझ्यापुढे २२ संगणकांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव आला. कारण एकाच ओळीचे होते: यंत्रे मंद व कालबाह्य. मी एकाला रॅम किती आणि स्लॉट किती हे तपासायला सांगितले. बहुतेकांत चार जीबीची एकच पट्टी होती आणि शेजारचा स्लॉट खरेदीच्या दिवसापासून रिकामा होता. प्रत्येकी चार जीबीची आणखी एक पट्टी घालू, असे मी सुचवले, आणि खरी चर्चा तिथून सुरू झाली. देखभालीचा वार्षिक करार सांगत होता की बिघडलेला भाग बदलून मिळेल. पण रॅम बिघडलेली नव्हती, अपुरी होती. भांडारपालाचा प्रश्न होता की नव्या पट्टीची नोंद जडवस्तू नोंदवहीत स्वतंत्र करायची की जुन्या संगणकाच्या ओळीत. लेखाशाखेचा प्रश्न होता की हा खर्च भांडवली की महसुली. नवे २२ संगणक मागवले असते तर यातला एकही प्रश्न कोणी विचारला नसता. त्याचा नमुना तयार होता, लेखाशीर्ष ठरलेले होते आणि मागच्या वर्षीची फाइल होती.

हे प्रश्न विचारणारी माणसे अडवणूक करत नव्हती, हे मी मुद्दाम नोंदवतो. लेखापरीक्षणाच्या वेळी उत्तर त्यांनाच द्यावे लागते. पण नियम वाचले तर उत्तर सापडते. केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ हे कायम स्वरूपाची मत्ता मिळवण्यासाठी किंवा असलेल्या मत्तेची उपयुक्तता वाढवण्यासाठी केलेल्या खर्चाला भांडवली म्हणतात. मात्र त्या व्याख्येच्या आरंभीच लक्षणीय खर्च असा शब्द आहे. एका संगणकामागे दोन हजार रुपये लक्षणीय नव्हेत. तोच नियमसंग्रह छोट्या रकमेची खरेदी, दरपत्रके न मागवता, अधिकाऱ्याने स्वतः दर्जा व दराची खातरजमा केल्याचे प्रमाणपत्र देऊन करू देतो. निर्लेखनाबाबत तर त्यात असे अपेक्षित आहे की वस्तू निरुपयोगी ठरवण्याची कारणे सक्षम अधिकाऱ्याने लिहून ठेवावीत. मंद चालतो हे कारण नव्हे, ती तक्रार आहे. कारण लिहायचे तर आधी तपासावे लागते, आणि तपासले की अर्धे प्रस्ताव आपोआप गळतात. त्या २२ यंत्रांपैकी फक्त चारच खरोखर मोडीत गेली.

या उपायाला मर्यादा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा असावा लागतो. रॅम कितीही वाढवली तरी २०१४ चा संगणक या अटी पूर्ण करणार नाही, आणि नागरिकांची माहिती हाताळणारे यंत्र सुरक्षेच्या सुधारणांविना जाळ्यावर ठेवणे हा बेजबाबदारपणा होईल. तरी तिथेही मोडीत काढणे हा एकमेव मार्ग नाही. केरळच्या शाळांनी मुक्त प्रणालीवर आधारलेल्या स्वतःच्या लिनक्सवर शिक्षण चालवून दाखवले आहे, आणि सी-डॅकची बॉस ही प्रणालीही उपलब्ध आहे. ज्या मेजावर फक्त ब्राउझर आणि टंकलेखन चालते, तिथे आठ जीबी आणि लिनक्स हा विचार करण्याजोगा पर्याय आहे.

दुसरी मर्यादा किमतीची. २०२३ साली आठ जीबीची डीडीआर ४ पट्टी दीड-दोन हजारांत मिळत होती. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांनी स्मृतीची एवढी मागणी केली की कारखान्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली आणि साध्या पट्ट्यांचे दर दुपटीपलीकडे गेले. पण यामुळे माझा मुद्दा दुबळा होत नाही, उलट बळकट होतो. नव्या संगणकातही तीच महाग रॅम असते. आणि आपल्या भांडारातील मोडीत निघालेल्या यंत्रांत ज्या चांगल्या पट्ट्या पडून आहेत, त्यांचे मोल आता वाढले आहे. त्या काढून न घेता संपूर्ण यंत्र किलोच्या भावाने देणे म्हणजे जुने घर पाडताना सागवानी तुळया राडारोड्यात टाकण्यासारखे आहे.

म्हणून माझ्या सूचना चार आहेत. एक, निर्लेखनाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत एक तक्ता असावा: रॅम किती, रिकामे स्लॉट किती, डिस्क कोणती, प्रोसेसर कोणत्या पिढीचा. दोन, देखभालीच्या करारातच रॅम व एसएसडी वाढवण्याचे दर किंवा निदान मजुरी ठरवून घ्यावी, म्हणजे दर वेळी नवी फाइल लागणार नाही. तीन, मोडीत जाणाऱ्या यंत्रांतून चालू भाग काढून घेऊन त्यांची नोंद भांडारात करावी आणि मगच उरलेला सांगाडा, १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे, नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावा. हार्ड डिस्कवरील माहिती त्याआधी नष्ट करावी, हे सांगायला नको. चार, नवी खरेदी करतानाच एक स्लॉट रिकामा राहील अशी अट घालावी. दोन्ही स्लॉट भरून आलेल्या यंत्रात पुढे रॅम वाढवायची तर चांगल्या पट्ट्या काढून ठेवाव्या लागतात.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मंडळांच्या वाचनालयांतही कोणा सभासदाने दिलेला असा एखादा संगणक कोपऱ्यात झाकून ठेवलेला असतो. त्याचेही झाकण एकदा उघडून पाहावे. कार्यालयात असो की मंडळात, वस्तू टाकून देण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याने ती आधी उघडून पाहावी, एवढीच अपेक्षा आहे. सार्वजनिक पैशाची काटकसर मोठ्या धोरणांत शोधली जाते. पुष्कळदा ती रिकाम्या राहिलेल्या एका स्लॉटमध्ये असते.