अनामत रक्कम कोणाच्या भरवशावर?

बदलीचा हुकूम हाती पडला की शिक्षक प्रथम नव्या गावी जागा शोधू लागतो. भाडे कसेबसे परवडते. अनामत रकमेसाठी मात्र कर्ज काढावे लागते. आणि जागा सोडताना रंगकाम, नळदुरुस्ती असली निमित्ते काढून ती अडकवून ठेवणारे घरमालक थोडे नाहीत.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही (बहुधा दलालांनी जोपासलेली) समजूत या राज्यात तरी निराधार आहे.

तथापि नोंदणीने सारे साधते असे नव्हे. 'लिव्ह अँड लायसन्स'ची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध घरमालकाला कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, दुप्पट शुल्कही मागता येते. १९४७ च्या कायद्याखाली गोठलेल्या भाड्यांचा अनुभव पाहता ही सोय अन्याय्य म्हणता येणार नाही. पण अनामत बुडालेल्याने दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी! परगावी गेलेल्या कारकुनाने तारखांना यायचे कसे?

केंद्राच्या २०२१ च्या नमुना कायद्याने निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली. तो राज्यांवर बंधनकारक नाही. जो प्राधिकारी जागा रिकामी करवून देतो, त्यालाच अनामत परत करवण्याचा अधिकार देण्यास विधिमंडळाला कोणती अडचण आहे?