काळ्यातले काळे

दौंडची ताई आणि शिरूरची मामी यांचे एका गोष्टीवर मात्र एकमत होते. वाळत घातलेल्या धुण्यावर पडणारी काळी भुकटी साखर कारखान्याचीच! आता काळ्या रंगाची पंचाईत अशी, की तो कोणाचेच नाव सांगत नाही. काजळी काळी, ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी भरते ती काणीही काळी.

गेल्या हंगामात दोघींच्या ओट्यावरची भुकटी मी पारदर्शक चिकटपट्टीवर उचलली आणि आमच्या कॉलेजातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांपुढे ठेवली. मराठीच्या माणसाला सूक्ष्मदर्शकाशी काय करायचे, असे त्यांनी विचारले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

खालून उजेड सोडला की पुष्कळसे काळे काळे राहतच नाही. काणीचे बीजाणू चारशेपट मोठे झाले, की तपकिरी मण्यांसारखे गोल दिसतात. काळेच राहतात ते कोळसा, रबर, लोखंड यांचे कण. तिथे आकार पाहावा लागतो. शिरूरच्या पट्टीवर शेवयांच्या तुकड्यांसारखे, टोकांना निमुळते आणि अंगाला माती माखलेले कण होते. ती मोटारींच्या टायरांची झीज. मामीचे घर नगर रस्त्याला लागूनच आहे!

दौंडची पट्टी अधिक बोलकी निघाली. करपलेले पापुद्रे, त्यांवर पेशींच्या सरळ रांगा, रांगांतून पर्णरंध्रे. जिथे जळून राख झाली होती तिथे डमरूच्या आकाराचे काचेसारखे कण. ऊस पानांत सिलिका साठवतो आणि ती आगीला दाद देत नाही. चिपाडांची राख असती तर उसाच्या गाभ्याच्या रुंद पेशी दिसल्या असत्या. हे पान होते, म्हणजे पाचट. आणि ऊस तुटताच फडातले पाचट पेटवणाऱ्यांत आमचे भावोजी आघाडीवर!

"अहो, म्हणजे मी कारखान्याला दिलेल्या शिव्या तुम्हाला लागत होत्या तर!" ताई म्हणाली.

"धुण्यावरचे झटकता येते," भावोजी म्हणाले.

ते खरेच. पण धुराचा मूळ कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान. आमच्या प्राध्यापकांच्या यंत्राला तो सुटा दिसत नाही, दिसतो तो पुंजका. तो धुण्यावर बसायची वाट पाहत नाही, श्वासाबरोबर थेट छातीत उतरतो. ताईच्या धाकटीचा दमा थंडीत उसळतो, आणि ऊसतोडही थंडीतच.

यावर भावोजी काही बोलले नाहीत. यंदा मात्र त्यांनी पाचटाची कुट्टी करणारे यंत्र भाड्याने सांगितले आहे.