घरची तंबाखू, म्हणून चांगली?

मागच्या महिन्यात औशात एका मित्राच्या गच्चीवर गेलो होतो. कोरफडीच्या मागे चार मोठ्या कुंड्या होत्या. त्यात रुंद, लवदार, हाताला चिकटणारी पानं. मी म्हणालो, "पालक लावलास का?" तो हसला. "तंबाखूय लेका. घरची!"

जिन्यात दोरीवर पानं टांगलेली. काही हिरवी, काही पिवळी, काही तपकिरी झालेली. कोपऱ्यात काचेची बरणी. बाहेरच्या देशांत लोक छंद म्हणून घरी तंबाखू लावतात, वाळवतात, मुरवतात, त्याचे व्हिडिओ बघून हा शिकला. म्हणाला, "पुडीत काय काय घालतात कुणास ठाऊक. ही शेणखतावरची. ना केमिकल, ना कंपनी. एकदम ऑरगॅनिक."

खरं सांगू? पाच मिनिटं मलाही पटलं होतं.

आणि पोराने मेहनत घेतली होती हे मान्यच करावं लागेल. तंबाखूचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास मावतं. ते वाळूत मिसळून पेरायचं, रोपं नाजूक हाताने उपटून लावायची, फुलं यायच्या आधी शेंडा खुडायचा, फुटवे काढत राहायचं. पानं तोडली की खरी परीक्षा. आपल्याकडच्या कडक उन्हात एकदम वाळवली तर ती हिरवीच राहून जातात, दमट जागी ठेवली तर बुरशी धरते. हळूहळू पिवळी पडू द्यायची, मग तपकिरी, मग लोणच्यासारखी मुरू द्यायची. बीएस्सी ॲग्रीवाल्यांनी प्रॅक्टिकल म्हणून बघावं असं काम आहे.

माझं भांडण आहे ते 'घरची' या शब्दाशी. घरचं तूप, घरचा मसाला, घरचं लोणचं. हा शब्द ऐकला की आपण पुढचे प्रश्न विचारायचे बंद होतो.

निकोटिन काही कंपनी वरून शिंपडत नाही. ते झाड स्वतः मुळांत तयार करतं आणि पानांत साठवतं, किडींनी पान खाऊ नये म्हणून. शेंडा खुडला की पानातलं निकोटिन वाढतं. म्हणजे माझा मित्र जितका चांगला माळी, तितकी त्याची तंबाखू कडक! नैसर्गिक शेतीवाले फवारणीसाठी जे अग्निअस्त्र बनवतात, त्यात मिरची-लसणासोबत तंबाखू उगाच घालत नाहीत.

कॅन्सरचं म्हणाल, तर गोष्ट अजून वाईट आहे. तंबाखूतली नायट्रोसमाईन नावाची घातक रसायनं ताज्या हिरव्या पानात जवळपास नसतात. ती मुख्यतः पान वाळताना आणि मुरताना तयार होतात. पानातल्या नायट्रेटवर जिवाणू काम करतात आणि पुढची साखळी सुरू होते. शेणखत घातलं म्हणून ती थांबत नाही. म्हणजे पुडीतल्या ज्या विषाला घाबरून मित्राने कुंड्या मांडल्या, ते त्याच्याच जिन्यात, त्या दोरीवर तयार होत होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने खायच्या तंबाखूला ॲस्बेस्टॉसच्या गटात ठेवलंय, नक्की कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या. त्यात 'घरची सोडून' अशी सवलत नाही.

मित्राचा दुसरा मुद्दा परंपरेचा होता. "आपले आजोबा-पणजोबा हेच करायचे." आता परंपरा म्हणाल तर हे झाड मूळचं अमेरिकेतलं, पोर्तुगीजांसोबत इकडे आलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबराच्या दरबारात तंबाखू पोचली ती आपल्या शेजारच्या विजापूरहून, आणि 1617 मध्ये जहांगीरने तिच्यावर बंदीही घातली होती.

पण आजोबांचं तो बोलला ते मला लागलं. माझे आजोबा परसात दहा-बारा झाडं लावायचे. पानं चुलीच्या वर आढ्याला टांगलेली असायची. चंचीत तीच तंबाखू, वर चुना. जेवण झालं की मळायची आणि गालात धरायची. डाव्या गालात, कायम. 2014 मध्ये लातूरला डॉक्टरांनी त्याच बाजूचा जबडा काढला. ऑपरेशननंतर त्यांना नीट बोलता येत नव्हतं, तरी पाटीवर लिहून विचारलं होतं, "मी तर दुकानची कधी खाल्ली नाही." पुढच्या दिवाळीला ते नव्हते.

ही एका घराची गोष्ट नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे चार टक्क्यांहून कमी निघाले, पण न ओढता खाणारे-लावणारे जवळपास चोवीस टक्के. म्हणजे चौघांत एक. आपल्या वर्गातले बाक मोजून बघा.

आणि घरात तंबाखू असणं म्हणजे काय, हे जवळच्या सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या बायकांना विचारावं. पोटासाठी त्यांच्या मांडीवर दिवसभर तंबाखूचं सूप असतं, घरभर तिची भुकटी. ओल्या पानातलं निकोटिन तर कातडीतून अंगात जातं. तंबाखूच्या शेतात तोडणी करणाऱ्यांना त्याने मळमळ, उलट्या, चक्कर येते. ज्यांना पर्याय नाही ते हे सोसतात. आपण हौस म्हणून गच्चीवर का आणायचं? मित्राच्या घरात तीन वर्षांची भाचीही आहे आणि कुंड्या तिच्या हाताच्या उंचीवर आहेत.

पुडीवर निदान 85 टक्के जागेत ते भयानक चित्र असतं. मित्राच्या बरणीवर काय होतं माहितीय? आईच्या अक्षरातलं जुनं लेबल. 'लिंबू लोणचं'.

मी त्याला एवढंच म्हणालो, झाड ठेवायचं तर ठेव, पण शेंडा खुडू नकोस. गुलाबी फुलं येतात, बघ. कुंड्या उंचावर ने आणि दोरी काढ. सोडायला जड गेलं तर 1800-11-2356 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, फोन करायला मी सोबत बसतो.

दोरी त्याने काढलीय. बरणी अजून आहे. मी दर रविवारी जाऊन बघतोय.