शिवडीच्या चाळीतून ग्रँडमास्टर का घडू नये?

शिवडीच्या एखाद्या चाळीत संध्याकाळी बुद्धिबळाचा पट मांडलेला दिसला की प्रश्न पडतो, यातून ग्रँडमास्टर घडेल का? वानवा बुद्धीची नाही, साधनांची आहे. या किताबासाठी २५०० गुणांकन आणि साधारणपणे तीन नॉर्म लागतात. नॉर्मसाठी परदेशी किताबधारकांशी झुंजावे लागते. म्हणजे प्रवास आणि खर्च आलाच.

विश्वनाथन आनंद १९८८ मध्ये भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले. प्रवीण ठिपसे यांनी १९८५ मध्ये राष्ट्रकुल अजिंक्यपद मिळविले. मात्र हा किताब त्यांना लाभला १९९७ मध्ये, तिसरे भारतीय म्हणून. हे एक तप गुणांच्या उणिवेची नव्हे, संधीच्या दुष्काळाची साक्ष देते.

आज चित्र पालटले आहे. २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकून भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. परंतु ही गंगा श्रमिकांच्या दारी पोहोचली का?

सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे पिढ्या घडविल्या. भाग्यश्री साठे-ठिपसे त्याच मातीतल्या. तिथे महानगराचे वैभव नव्हते. होती ती एका ध्येयवेड्या कार्यकर्त्याची निष्ठा.

शिवडी-लालबागच्या गणेशोत्सव मंडळांपाशी कार्यकर्ते आहेत, समाजाचा विश्वास आहे. वर्गणीतील थोडा वाटा, वर्षभर उघडी एक खोली आणि एक जाणता प्रशिक्षक, एवढे पुरे. दहा दिवस आपण बुद्धिदात्याची आराधना करतो. उरलेले वर्ष चाळीतल्या बुद्धीची जोपासना करणे, हीदेखील त्याचीच पूजा नव्हे काय?